जुनी कंपनी आठवते, ती खरोखर तशी होती का?

प्रश्न – वैजापूरचा फिटर

मी १९८९ साली वाळूज एमआयडीसीतील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आयटीआय करून लागलो आणि आता माझी निवृत्ती जवळ आली आहे. तेव्हा आम्ही दीडशेच्या आसपास माणसे होतो. खंडेनवमीला मशिनी धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा होई आणि त्या दिवशी घरची मंडळीही शॉपमध्ये येत. ज्वारीच्या काढणीसाठी गावाकडे जायचे असले, तर फेरी मारायला आलेल्या मालकांनाच अडवून विचारता येई. "जा, पण सोमवारी पहिल्या पाळीला हजर राहा," एवढ्यावर विषय मिटत असे. आज त्याच रजेचा अर्ज मोबाइलवर भरावा लागतो आणि तो पुण्यातील ज्या अधिकाऱ्यांकडे जातो, त्यांना मी कधी पाहिलेले नाही. पूजा आजही होते, मात्र पाळी न थांबवता आणि फोटोपुरती.

कंपनीच्या बसमध्ये आम्ही जुने लोक याच गोष्टी बोलत बसतो आणि नवीन मुले कानात इअरफोन घालून बाहेर पाहत राहतात. वातावरण खरोखर बिघडले, की आपले तरुणपण आठवून आम्ही कंपनीला चांगली ठरवत आहोत? ज्यांनी हा बदल आतून पाहिला, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर – निवृत्त, पर्सनल विभाग

मी चिकलठाणा आणि वाळूज येथे नोकरीची सारी वर्षे याच विभागात काढली; जाता जाता त्याचे नाव एचआर झाले. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुटे भाग पुरवणारे कारखाने त्याच्या आसपास वाढत गेले. पुढे वाहन उद्योगातील बड्या ग्राहकांनी क्यूएस ९०००, नंतर टीएस १६९४९ आणि २०१६ पासून आयएटीएफ १६९४९ अशी गुणवत्ता व्यवस्थापनाची प्रमाणपत्रे मागितली. ऑडिटला आलेला माणूस "कोणी ठरवले" याबरोबर "कुठे लिहिले आहे" हेही विचारतो, त्यामुळे जे काम तोंडी शब्दावर चाले, ते फॉर्मवर आले. माणसे दीडशेची सहाशे झाली की मालकांना प्रत्येकाचे गाव लक्षात ठेवणे शक्यही नसते.

मात्र एक गोष्ट आपल्या आठवणीतून सुटली आहे. ज्याला मालक "जा" म्हणत, त्याच्या शेजारच्या मशीनवरील माणसाला फोरमन "नाही" म्हणत असे, आणि त्याला कारण विचारण्याची सोय नव्हती. ते "नाही" टाइम ऑफिसच्या खिडकीतून कळवण्याचे काम माझे होते, म्हणून ते चेहरे मला अजून आठवतात.

उत्तर – शेंद्रा, क्वालिटी विभाग

काका, आपल्या त्या दीडशे माणसांत स्त्रिया किती होत्या? १९४८ च्या कारखाने कायद्यातील कलम ६६ नुसार स्त्रियांना सायंकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामावर ठेवण्यास सर्वसाधारणपणे मनाई होती आणि तीच सबब पुढे करून तीन पाळ्यांच्या शॉपमध्ये मुलींना घेतच नसत. मला आज जे काम मिळाले आहे, ते जुन्या वातावरणात मिळाले नसते, त्यामुळे त्याची ओढ मला वाटणे कठीण आहे. तरीही आजचे सारे चांगले आहे, असे मी म्हणणार नाही. माझ्या लाइनवरील निम्मी मुले कंत्राटी आहेत, त्यांच्या ओळखपत्राची पट्टी वेगळ्या रंगाची आहे आणि दिवाळीची मिठाई वाटताना तो रंग पाहिला जातो.

उत्तर – लघुउद्योजक, जुना टर्नर

पंधरा वर्षे नोकरी करून मी छोटे युनिट टाकले, तेव्हा जुने घरगुती वातावरण आपण जपू, असे मनाशी ठरवले होते. माझ्याकडे तीस माणसे आहेत आणि मी सर्वांना नावाने ओळखतो. पण ग्राहक दर वर्षी भाव कमी करून मागतो आणि माल उशिरा पोहोचला तर डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, पाठवतो. मग सुगीत चार जणांनी एकदम रजा मागितली की माझ्याही तोंडून "नाही" निघते. फरक एवढाच की ते मला समोर उभे राहून म्हणावे लागते.

प्रश्नकर्ता – वैजापूरचा फिटर

सर्वांचे आभार. ताई, आमच्यात एकही स्त्री कामगार नव्हती. कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या दोघी होत्या, पण त्या ठेकेदाराच्या म्हणून आम्ही त्यांना त्या दीडशेत कधी धरले नाही, हे आज लिहिताना लक्षात आले. खंडेनवमीला त्यांच्या घरचे कोणी आल्याचेही आठवत नाही.

टर्नरभाऊंचे शेवटचे वाक्य मात्र मला पटले. मला रजेपेक्षा समोर मिळणारे उत्तर हवे असते, मग ते नकाराचे का असेना. येत्या खंडेनवमीला कंत्राटी मुलांनाही घरच्यांना आणता यावे, अशी मागणी संघटनेमार्फत करायचे आम्ही बसमध्ये ठरवले आहे. तिचा अर्ज मोबाइलवर भरायचा की कागदावर द्यायचा, हे अजून कोणाला सांगता आलेले नाही.