मिशनरी ट्रेनिंगचे पहिले दिवस : अनुभव धागा

दुसऱ्या धाग्यावर हा विषय निघाला होता, तिथे फार अवांतर व्हायला लागलं म्हणून वेगळा काढतेय. 18-19 वर्षांची पोरंपोरी घर सोडून मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जातात, आणि जायच्या आधी त्यांना धर्माचं आणि बऱ्याचदा एका नव्याच भाषेचं ट्रेनिंग असतं. तिकडे जाऊन काय केलं ते सगळे सांगतात, पण ट्रेनिंगचे सुरुवातीचे दिवस कसे गेले हे फारसं कोणी लिहीत नाही. तर ज्यांनी स्वतः केलंय, घरातल्या कोणाला पाठवलंय किंवा जे शिकवायच्या बाजूला होते त्यांनी लिहा. पंथ कुठलाही चालेल. धर्मांतर बरोबर का चूक यावर भांडायला बाकीचं आंतरजाल मोकळं आहे, इथे नको प्लीज.

डोंगरवेडा

माझं ट्रेनिंग प्रोव्होला झालं. अमेरिकेत युटामधल्या प्रोव्होचं मिशनरी ट्रेनिंग सेंटर, सगळे एमटीसीच म्हणतात, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं (2018 पासून चर्च म्हणतंय की हे नाव वापरू नका, पूर्ण नाव घ्या, पण चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स एवढं दर वेळी कोण टाइप करणार). 1976 ला हा कॅम्पस सुरू झाला तेव्हा लँग्वेज ट्रेनिंग मिशन असं नाव होतं, एमटीसी झालं 1978 ला. म्हणजे मुळात भाषेसाठीच काढलेली जागा, आणि ते पहिल्या तासातच कळतं.

निरोपबिरोप म्हणाल तर रस्त्याच्या कडेला. गाडी थांबली, डिकीतून बॅगा काढल्या, मिठ्या मारल्या, मागे गाड्यांची रांग, आई काहीतरी सांगत होती ते अर्धंच ऐकू आलं आणि एक आधी आलेला मिशनरी माझी बॅग घेऊन चालायलाही लागला. मग काळा नेमटॅग, पुस्तकं, खोलीची किल्ली, आणि कंपॅनियन, म्हणजे जोडीचा मिशनरी. हा माणूस आपण निवडत नाही. झोपेपर्यंत तो आपल्याला दिसला पाहिजे आणि त्याचं बोलणं ऐकू आलं पाहिजे असा नियम, बाथरूम तेवढं सोडून. मी एकलकोंडा प्राणी, मला 6:30 ला उठण्यापेक्षा आणि दिवसभर टाय लावून बसण्यापेक्षा हे जड गेलं.

संध्याकाळी वर्गात गेलो तर शिक्षक आला तो थेट स्पॅनिशमध्येच. इंग्रजीचा एक शब्द नाही. हातवारे करतोय, फळ्यावर चित्रं काढतोय, आम्ही सगळे माना डोलावतोय. आणि जाताना त्याने सांगितलं की या आठवड्यातच तुम्हाला एका माणसाला धर्माचा धडा द्यायचाय, स्पॅनिशमध्ये. येत काहीच नव्हतं हो! सगळ्यात आधी प्रार्थना शिकवतात कारण तिचा साचा ठरलेला असतो: स्वर्गीय पित्याला हाक, आभार, मागणं, येशूच्या नावाने शेवट. तेवढं पाठ झालं की निदान सुरुवात आणि शेवट हातात राहतो, मधलं काय ते मधलं.

मी सगळी वाक्यं देवनागरीत उतरवली होती. "क्रेएमोस के दिओस एस नुएस्त्रो पाद्रे" (देव आपला पिता आहे असं आम्ही मानतो), असं पानभर. स्पॅनिशला देवनागरी इतकी चपखल बसते की मला एकदम हायसं वाटलं, पण कंपॅनियन आयडाहोचा, तो माझ्या वहीत डोकावून हताश व्हायचा कारण त्याला त्यातलं अक्षर लागत नव्हतं आणि त्याच्या रोमन खुणा मला कळत नव्हत्या. धड्याच्या दिवशी आत गेलो, एक माणूस खुर्चीवर बसलेला, आम्ही प्रार्थना केली, वाचून वाचून चार वाक्यं म्हटली, आणि मग त्याने प्रश्न विचारला. साधाच असणार. तो थांबून राहिला, आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो, शेवटी कंपॅनियनने प्रार्थनेतलंच आभाराचं वाक्य परत म्हटलं आणि तो माणूस इतका मनापासून हसला की मलाही हसू फुटलं. काही धडे झाल्यावर तोच माणूस आमचा दुसरा शिक्षक म्हणून वर्गात आला. ही तिथली नेहमीची पद्धत आहे, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी वर्गात आला तेव्हा जरा फसवल्यासारखं वाटलंच.

येत नसताना बोलायला लावणं ही पद्धत क्रूर आहे असं तेव्हा वाटायचं. आजही थोडी क्रूर वाटते, पण दुसरं काही इतक्या लवकर चालेल असंही वाटत नाही.

चिंगी_

माझं सुरुवातीचं एमटीसी माझ्या बेडरूममध्ये झालं 😀 2020 च्या मार्चपासून सगळं ऑनलाइन गेलं ना, त्यातली मी. कोरियन मिळालेली, म्हणजे अवघड भाषांच्या गटातली. स्पॅनिशवाल्यांना साधारण 6 आठवडे आणि आम्हाला 9. गंमत अशी की चर्चमध्ये तुम्हाला मिशनरी म्हणून नेमून झालं की त्या क्षणापासून सगळे नियम लागू. टीव्ही नाही, मैत्रिणींशी चॅट नाही, आणि तुम्ही मात्र स्वतःच्याच घरात. आई दारात येऊन अगदी गंभीरपणे विचारते की सिस्टर (मिशनरी मुलींना असंच म्हणतात), मिशनरीला भांडी घासायला चालतात का. स्क्रीनवर आम्ही सगळ्या फॉर्मल कपड्यात, मागून भाऊ बनियनवर जातोय. कंपॅनियन दुसऱ्या देशात, दुसऱ्या टाइमझोनमध्ये. बाकीचे ज्या एकटं न राहण्याने वैतागतात ते मला हवं होतं, कारण क्लास संपून लॅपटॉप बंद केला की मी कोरियन अक्षरं आणि भिंत. नंतर प्रत्यक्ष भेटलो तेव्हा ती माझ्यापेक्षा वीतभर उंच निघाली.

मावशीआजी

बहिणीचा नातू गेला होता, त्याचे वडील तिकडचे, चर्चवाले. हे 2019 च्या आधीचं. त्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला घरी फोन करू द्यायला लागले, तोवर वर्षातून दोनदाच, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. बाकी आठवड्याला एक ईमेल, त्यांच्या सुटीच्या दिवशी, त्याला ते पी-डे म्हणतात, त्यातच कपडे धुणं आणि केस कापणं. माझ्या बहिणीला हे पटेचना, दोन वर्षं पोराचा आवाज नाही म्हणजे काय, मिलिटरीत आहे का तो. पहिली मेल आली ती चार ओळींची, ठीक आहे, जेवण भरपूर आहे, भाषा कठीण आहे, वेळ संपला. तिने प्रिंट काढून ती देवघरात ठेवली. आता तुम्ही म्हणाल देवघरात कशी, तर आमच्याकडे दहावीचे निकालसुद्धा तिथेच ठेवतात.

अर्धवट_हिंदी

मी उलट्या बाजूचा. प्रोव्होत शिकायला होतो तेव्हा हिंदी येणारे लोक हवेत असं कळलं, एमटीसीतल्या पोरांना बोलायचा सराव म्हणून. आपण बसायचं आणि ते आपल्याला धडा देणार. मी हिंदू आहे हे आधीच सांगितलं, कोणाची काही हरकत नव्हती. दोन गोरी मुलं आली, घामाघूम, आणि आकाशवाणीच्या बातम्यांसारखी हिंदी. "क्या हम आपके साथ प्रार्थना कर सकते हैं?" मी म्हटलं हो. मला नाटक करायचं नव्हतं म्हणून जे वाटतं तेच बोललो, आजोबा नुकतेच गेले होते तेही सांगितलं. त्यातल्या एकाने कागद उलटा ठेवला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत आजोबा कसे होते ते विचारत बसला. धडा राहिलाच. धर्माचं जाऊ दे, पण त्या पोराला मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

पारिजात

वेगळा अनुभव. मी रामकृष्ण मिशनच्या एका केंद्रात राहायला गेलो होतो, साधू व्हायचं म्हणून. बेलूर मठातलं दोन वर्षांचं ट्रेनिंग नंतर असतं, आधी केंद्रात काही वर्षं काढायची. पहिल्या दिवसांत कोणी वेदान्त शिकवत नाही! फुलं आणणं, भाजी चिरणं, ऑफिसात पावत्या. संस्कृतचा वर्ग होता पण मला नडली बंगाली, जेवताना सगळे विनोद बंगालीत आणि मी एक सेकंद उशिरा हसणार. मी पुढे परत आलो, त्याची कारणं वेगळी आहेत, इथे लिहीत नाही.

जुनी_वही

मराठी शिकलेल्या मिशनऱ्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. विल्यम कॅरीने मराठीचं व्याकरण 1805 मध्ये छापलं, ते बंगालमध्ये बसून, पंडित वैजनाथांच्या मदतीने. पुढे महाबळेश्वरला उन्हाळ्यात मिशनऱ्यांसाठी मराठीची शाळा चालायची. आमचे पणजोबा अशाच लोकांना घरी शिकवायचे. सकाळी उच्चार, आणि दुपारी बाजारात पाठवायचे, एकट्याने, घासाघीस करून काहीतरी घेऊन या म्हणून. साहेब चढ्या भावाने वांगी घेऊन आले की पणजोबा खूश, कारण मग दुसऱ्या दिवशी साहेब आकडे मन लावून शिकायचे. त्यांची धड्यांची वही आमच्याकडे आहे, बरीच पानं वाळवीने खाल्लीत, पण उच्चारांचे तक्ते शाबूत आहेत. स्कॅन करणार आहे. कोणाला हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.