केसांचा बरगंडी रंग १५ दिवसांत विटकरी का होतो? (सोसायटीच्या ग्रुपवरून; नावांऐवजी फ्लॅट नंबर)

बी-४०२: कलर करून १५ दिवस झाले, बरगंडीचा विटकरी झालाय. सल्फेट-फ्री शाम्पू आणू का?

सी-१०१: आण, पण मुख्य चोर पाणी आहे गं. केस भिजला की फुगतो, त्याचे खवले उघडतात आणि रंग बाहेर झिरपतो. त्यातही लाल छटा सगळ्यात आधी जातात. पुढच्या वेळी कलरनंतर ३ दिवस डोक्यावरून पाणी नको. मग आठवड्यातून २ वेळाच धुवायचं. पाणी मनगटावर ओतून बघ, गरमही नाही न् गारही नाही असं लागलं पाहिजे.

बी-४०२: रोज जिमला जाते, घाम येतो.

सी-१०१: मग मुळांना ड्राय शाम्पू, आणि आंघोळीला शॉवर कॅप.

ए-७०३: आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी येतं, हे विसरू नका. बादलीच्या कडेला जो क्षारांचा पांढरा थर बसतो ना, तोच केसांवर बसतो. कधी कधी रंग उतरलेला नसतोच, थराखाली मळकट दिसतो. शेवटचा १ लिटर आरओच्या पाण्याचा घ्या. 'चिलेटिंग' (क्षार काढणारा) लिहिलेला शाम्पू महिन्यातून एकदाच, कारण तो थराबरोबर थोडा रंगही काढतो. नळाला लावायचे फिल्टर क्लोरीन कमी करतात, क्षार बहुतेक तसेच राहतात. त्या भरवशावर पैसे घालू नका.

डी-२०५: आणि तेल? पार्लरवाली म्हणते बंदच करा.

सी-१०१: बंद नको काकू. खोबरेल केसाच्या आत जातं, त्यामुळे केस पाणी कमी पितो. घोटाळा होतो तो रात्रभर चोपडून मग दोनदा शाम्पू लावण्यात. १ चमचा पुरे, कानाच्या खालच्या केसांना, धुण्याआधी अर्धा तास. धुताना केस ओले करून आधी कंडिशनर चोळा, तेल सुटं होतं, मग मुळांना एकदाच शाम्पू.

डी-२०५: लिंबू चालेल का शेवटी?

सी-१०१: अजिबात नको. लिंबू लावून उन्हात गेलं की रंग फिका पडतो. खाण्याचा सोडाही नको, त्याने खवले उघडतात. कोंड्याचा शाम्पूही रंग काढतो. डॉक्टरांनी दिला असेल तर वापराच, फक्त टाळूपुरता.

ए-७०३: पांढरी मुळं दिसली म्हणून दर महिन्याला पूर्ण लांबीवर डाय ओढू नका. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो, तेवढ्यालाच लावा. टोकांवर थरावर थर बसला की ती काळपट आणि काड्यांसारखी होतात. 'काळी मेहंदी' ही बहुतेक वेळा पीपीडी (ॲलर्जी आणू शकणारं डायमधलं रसायन) मिसळलेला डायच असतो. कोणताही डाय असो, कानामागे लावून ४८ तास थांबा. खाज किंवा सूज आली तर तो नाहीच.

बी-४०२: आत्ताच्या विटकरीचं काय करू?

सी-१०१: पुन्हा पर्मनंट कलर नको. लाल-वाइन छटेचा कलर मास्क आण, ज्यात डेव्हलपर (पर्मनंट कलरमध्ये घालतात ते पेरॉक्साइड) मिसळावा लागत नाही तो. शाम्पूनंतर टॉवेलने पाणी टिपून घे. ओल्या केसांवर गळणाऱ्या पाण्याबरोबर मास्कही वाहून जातो, म्हणून हे महत्त्वाचं. हातमोजे घाल, कपाळाला व्हॅसलिन लाव, १० मिनिटं ठेव. साध्या पाण्याने धू, परत शाम्पू नाही. दर १५ दिवसांनी एकदा. आणि पहिले २-३ दिवस उशीला जुना अभ्रा घाल, गुलाबी डाग जात नाहीत.