गॅमा किरणांची ‘दुर्बीण’ की ‘शोधक’?

प्रश्न: फर्मी, स्विफ्ट, अॅस्ट्रोसॅट या उपग्रहांवरच्या उपकरणांना कुणी दुर्बीण म्हणतं, कुणी शोधक, कुणी संवेदक. नेमका शब्द कोणता? आणि ‘गॅमा रे बर्स्ट’ (अवकाशातून अचानक येणारी गॅमा किरणांची उसळी) याला ‘गॅमा किरण स्फोट’ म्हणणं बरोबर आहे का?

उत्तर: उपकरण काम कसं करतं ते आधी पाहावं. १९९९ साली अवकाशात सोडलेल्या चंद्रा या क्ष-किरण वेधशाळेत आरसे आहेत, पण नळकांड्यासारखे, एकात एक बसवलेले. क्ष-किरण आरशावर सरळ आदळले तर शोषले जातात. अगदी तिरके, घासून गेले तरच वळतात. तिथे प्रतिमा तयार होते, म्हणून दुर्बीण चपखल.

फर्मीवरच्या जीबीएममध्ये (गॅमा-रे बर्स्ट मॉनिटर) आरसा नाहीच. सोडियम आयोडाइडचे १२ आणि बिस्मथ जर्मनेटचे २ असे १४ स्फटिकी शोधक आहेत. गॅमा किरण आत शिरला की स्फटिक क्षणभर उजळतो आणि ती चमक मोजली जाते. कुठल्या बाजूच्या स्फटिकात मोजणी जास्त, त्यावरून दिशेचा अंदाज. याला दुर्बीण म्हटलं की वाचक भिंग शोधत बसतो. मी इथे ‘शोधक’च लिहीन. ‘शोधक वृत्ती’शी गोंधळ होईल असं वाटलं तर सरळ डिटेक्टर लिहावं, त्यात काही कमीपणा नाही. संवेदक म्हणजे सेन्सर. तो शब्द आतल्या सुट्या भागापुरता ठेवावा. (फर्मीवरच्याच लॅट, म्हणजे लार्ज एरिया टेलिस्कोप, या उपकरणाच्या अधिकृत नावात मात्र टेलिस्कोप आहे, भिंग-आरसा नसूनही. विशेषनाम म्हणून ते तसंच राहू द्यावं.)

‘स्फोट’ मला खटकतो. १९६७ साली अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी असा पहिला प्रसंग टिपला, तेव्हा ते अणुस्फोटांवरच नजर ठेवून होते! नोंदीत दिसली ती मोजणीतली अचानक उसळी. स्रोत अवकाशातला असल्याचं १९७३ साली जाहीर झालं. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाल्याच्या खुणा पृथ्वीवर टिपल्या गेल्या. गुरुत्वीय लहरींनंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरण पोचले. दोन्हीकडे ‘उद्रेक’ शोभतो. ‘झोत’ ताऱ्यातून सुटणाऱ्या पदार्थाच्या धारेसाठी राखून ठेवावा.

पुरवणी प्रश्न: अॅस्ट्रोसॅटच्या सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणातल्या ‘कोडेड मास्क’ला ‘सांकेतिक मुखवटा’?

उत्तर: नको. ती उघड्या-बंद चौकटींची पट्टी असते. तिची सावली खालच्या शोधकावर कशी पडते, यावरून स्रोताची दिशा काढतात. ‘छायाजाळी’ लिहिलं तर निदान तिचं काम तरी कळतं.