नवीन मुख्यमंत्री आले, पण आमच्या नाक्यावरचा फ्लेक्स बदलायचा कसा?

ठाणेकर_चहावाला: काल, ५ डिसेंबर २०२४ ला आझाद मैदानावर फडणवीसांचा शपथविधी झाला एकदाचा. विधानसभेचा निकाल लागला २३ नोव्हेंबरला, मग १२ दिवस आमच्या सोसायटीत कोणी धड झोपलं नाही, शिंदेंचा एक मुक्काम त्यांच्या दरे गावात, एक चक्कर दिल्लीला, आणि आमचे शेजारचे काका टीव्हीसमोर मोबाईल चार्जिंगला लावून बसलेले. आता प्रश्न असा की नाक्यावरच्या जुन्या फ्लेक्सचं करायचं काय? माणसं तीच आहेत की हो, फक्त मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्रीपदाच्या खुर्च्या फडणवीस-शिंदेंनी अदलाबदल केल्या!

फ्लेक्सवाला_पुणे: माझा धंदाच हा आहे, विचारा. यावेळी फार सोपं गेलं, एका नावामागचं ‘उप’ खोडलं, दुसऱ्यामागे चिकटवलं, संपलं काम. फोटोंच्या साईझवरून मात्र अजून भांडणं चालू आहेत, मोबाईलवर मेसेज, ‘आमच्या साहेबांचा फोटो जरा मोठा घ्या’.

सकाळची_ड्युटी: हे काहीच नाही राव. २०१९ ला मी नाईट करून सकाळी घरी आले, आई म्हणाली सरकार आलं, मी म्हटलं अगं झोपेत आहेस का, तर खरंच फडणवीस-अजितदादांची शपथ झालेली, शनिवारी! मंगळवारी राजीनामा. आमच्याकडे लग्नाचा मांडवसुद्धा त्याहून जास्त दिवस टिकतो.

एमपीएससी_चौथा_अटेम्प्ट: तुम्ही हसा. ‘मी पुन्हा येईन’ म्हणणारे फडणवीस पुन्हा आले आणि माझ्या नोट्समधलं पान तिसऱ्यांदा फाडलं. आता पेन्सिलनेच लिहितो.

ठाणेकर_चहावाला: 😂 फ्लेक्सवाले, ते ‘उप’चं स्टिकर केवढ्याला?