जळगावात ऊन, मुंबईत पाऊस: विमान नेमकं कुठं अडतं?

केळीवाला_रावेर: पावसाळ्यात जळगावहून मुंबईला जायचं म्हटलं की हाच घोळ. इथं लख्ख ऊन, विमान समोर उभं, आणि सांगतात "मुंबईचा स्लॉट नाही", म्हणजे तिथं उतरायची वेळ नेमून मिळाली नाही. उडून तिथं वर थांबायला काय हरकत? बरं, पाऊस उघडल्यावरही रात्रीपर्यंत उशीर का चालतो? पुढचं विमान धरायचं तर किती वेळ हाताशी ठेवावा?

तापीकाठ: दादा, वर थांबायला इंधन लागतं. एटीआर 72, म्हणजे छोटं पंख्यांचं विमान, ताशी साधारण सहा-साडेसहाशे किलो पितं. पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आणि त्यावर 30 मिनिटांचा शेवटचा साठा, याला हात लावायचा नसतो. उरेल तेवढ्यातच घिरट्या. ते संपलं की विमान दुसऱ्या गावी वळवावं लागतं. जास्त भरून न्यावं तर कडक उन्हात तेवढं वजन प्रवासी-सामानातून उतरवायची वेळ येते. त्यापेक्षा इंजिन बंद करून जळगावात थांबणं सुरक्षित.

स्लॉट असा ठरतो: मुंबईत ताशी किती विमानं घेता येतील तो आकडा हवामान पाहून आधी कमी करतात. मग दिल्लीचं मध्यवर्ती केंद्र प्रत्येक विमानाला उतरण्याची वेळ देतं, आणि त्यातून उड्डाणाचा कालावधी वजा करून इथली सुटायची वेळ काढतं. ती वेळ साधारण 5 मिनिटं आधी ते 10 मिनिटं नंतर एवढ्यातच पाळायची. एक प्रवासी उशिरा आला, सामान उतरवावं लागलं आणि ती हुकली, की नवा स्लॉट मागावा लागतो, तो तासाभराने मिळाला तरी नवल नाही. म्हणून दारं बंद करून आत बसवून ठेवतात तेव्हा चिडू नका.

आणखी एक: दुबई-लंडनहून येणारी विमानं आधीच हवेत असतात, त्यांना थांबवता येत नाही. थांबवता येतं ते अजून न उडालेल्या जवळच्या विमानाला. भार आपल्यावर येतो तो यामुळे.

धावपट्टी_०९: पाऊस उघडल्यानंतरच्या उशिराचं सांगतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. समजा चांगल्या हवेत उतरणारी-उडणारी मिळून ताशी 46 विमानं होतात. येणं-जाणं ताशी 42 चं आहे आणि दोन तास क्षमता 30 वर आली: 24 विमानं तुंबली. नंतर ताशी 4 चीच सवड, म्हणजे तुंबलेलं निघायला 6 तास.

त्यात विजा कडाडत असल्या की इंधन भरणं, सामान चढवणं बंद. माणसं आत बोलावतात. उतरलेलं विमान जागा सोडत नाही, मग नव्याला उभं करायला जागा नाही. धावपट्टी मोकळी असूनही घिरट्या घालाव्या लागतात त्या बहुधा याच कारणाने.

भुसावळ_जंक्शन: आता कामाचं. तेच विमान दिवसात तीन-चार फेऱ्या करतं, तेव्हा सकाळची पहिली फेरी घ्या. संध्याकाळच्या फेरीवर दिवसभराचा उशीर साचतो. वैमानिकांच्या ड्यूटीचे तास संपले तर ती रद्दच होते. पुढचं तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर पुढच्या विमानाची सोय कंपनी करते. वेगळं असेल तर दुसरी कंपनी तुम्हाला सरळ गैरहजर धरते; तिथं देशांतर्गतला निदान पाच तास ठेवा. परदेशी विमान असेल तर जुलैमध्ये आदल्या दिवशीच निघा. रेल्वेने जाणार असाल तरी आदल्याच दिवशी, कसाऱ्याचा घाट आणि मुंबईतले रूळ त्याच पावसात असतात. हवामानामुळे उशीर झाल्यास भरपाई मिळत नाही. फेरी रद्द झाली तर पर्यायी विमान किंवा पैसे परत मागता येतात.

केळीवाला_रावेर: भाऊ, निघायच्या आधी घरून काय पाहावं?

धावपट्टी_०९: मुंबईचा मेटार, म्हणजे विमानतळावरच्या आत्ताच्या हवामानाचा अहवाल, दर अर्ध्या तासाला येतो. त्यात टीएसआरए, म्हणजे गडगडाटासह पाऊस, दिसला की स्लॉट सरकणार असं धरा. पुढच्या तासांसाठी टाफ, म्हणजे विमानतळाच्या हवामानाचा अंदाज, बघा. त्यात "टेम्पो" म्हणून जे लिहितात ते मधूनमधून, एका वेळी तासाभराहून कमी. आणि आपलं विमान आधीच्या फेरीत मुंबईहून सुटलं की नाही तेही पाहा. ते तिथंच उभं असेल तर रावेरहून निघायची घाई नको. पण काउंटर बंद व्हायची वेळ छापील वेळापत्रकाप्रमाणेच चालते, कंपनीने वेळ बदलल्याचा संदेश आल्याशिवाय ती चुकवू नका.