मदत हवी आहे: चुन्याच्या जुन्या घराला सिमेंटचा गिलावा केलाय, आता कसं सोडवायचं? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

माझ्या माहेरचं घर शुक्रवार पेठेत आहे, पणजोबांनी बांधलेलं. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर विटा-चुन्याच्या जाड भिंती, पुढं सोपा, मग माजघर, मागं परडं. सोप्याला चार सागवानी खांब, वर तुळया आणि मंगळुरी कौलं.

२०१९ च्या महापुरात सोप्यात कमरेएवढं पाणी आलं. पाणी ओसरल्यावर आम्ही घाई केली. फुगलेला चुना खरवडून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा मारला, वर ऑइलपेंट. २०२१ ला परत पाणी. सिमेंट अजून टणक आहे, पण ते जिथं संपतं त्याच्या वरच्या चुन्याला लोणा लागलाय. हात फिरवला की पांढरी पूड पडते. आधी ओल गुडघ्याच्या वर कधी दिसली नव्हती, आता छातीएवढी चढलीय. रस्त्याकडच्या दोन खांबांचं बूडही कुजलंय, स्क्रू-ड्रायव्हर बोटभर आत जातो.

धाकटे काका म्हणतात, पाडून आरसीसी करू. दर पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत किती वर्षं जागायचं? त्यांचा जीव कशानं टेकीला आलाय ते मला कळतं. ४३ फूट ही धोक्याची खूण आमच्या घरात पोरांनाही पाठ आहे. पण आजी अजून सोप्यातल्या देवळीशेजारीच बसते, आणि तिच्या डोळ्यांदेखत ते घर पाडायची माझी तयारी नाही.

सिमेंट काढताना विटा निघून येतील का? खांब पूर्ण न बदलता फक्त बूड बदलता येतं का? आणि कोल्हापूर-सांगलीकडं घाणीत (दगडी चाकाखाली) मळलेल्या चुन्यात काम केलेला गवंडी कुणाच्या माहितीत आहे का? दोघांना विचारलं, दोघांनीही वॉटरप्रूफिंगच सुचवलं.

प्रतिसाद

ताई, वॉटरप्रूफिंग अजिबात करू नका. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडतं, म्हणून ती वर चढून वाट शोधतेय. पाऊस संपल्यावर सिमेंट छिन्नी-हातोडीनं थोडं थोडं काढा, ब्रेकर मशीन लावू नका. काही विटांचे पापुद्रे जातील, तेवढ्याच बदला. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतलात तर क्षार परत आत जातील. मग अख्खा उन्हाळा भिंत उघडी ठेवा. हे सगळ्यांना जड जातं, पण भिंत वाळल्याशिवाय पुढं जाऊ नका. नवा गिलावा विरवलेल्या चुन्याचा, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) घालून, पातळ थरांत. जुने गवंडी त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालायचे. वरून चुन्याचीच सफेदी, ऑइलपेंट नको.

खांबाचं बूड बदलता येतं. दोन्ही बाजूंनी तुळईला टेकू देऊन भार उचलायचा, कुजकं कापायचं आणि पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान अर्धं-अर्धं कापून सांध्यात बसवायचं. खाली दगडी तळखडा हवाच, लाकूड जमिनीला टेकता कामा नये.

पण एकाही खांबाला हात लावण्याआधी कुठल्या खांबावर तुळईचा जोड आलाय ते बघा, आणि तिथला फोटो इथं टाका. मग गवंड्याचं बोलू.