केदारनाथला रोपवे हवाय का नकोय? माझं मत: नको

ढगवेडा:
सोनप्रयाग ते केदारनाथ रोपवेला मार्च 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. 12.9 किमी, खर्च 4081 कोटी, आणि 8-9 तासांची वाट म्हणे 36 मिनिटांत. आमच्या ग्रुपवर सगळे खूष, मी मात्र विरोधात आहे आणि त्यात पायी गेलं तरच पुण्य असलं काही नाहीये. दिवसाला 18 हजार माणसं वर न्यायची क्षमता असेल, पण वर जागा आहे किती? मंदाकिनी आणि सरस्वतीच्या मधली चिंचोळी पट्टी, डोक्यावर चोराबारी हिमनदी. 2013 ला तिथलंच तळं फुटून पाणी आणि दगड गावावर आले, खाली वाटेवरचं रामबाडा तर पार वाहून गेलं. गौरीकुंडपासूनची 16 किमीची चढण गर्दीला आपोआप चाप लावते, तोच चाप आपण पैसे खर्चून काढतोय.

आजोळकर:
हे धडधाकट माणसाने बोलायला सोपंय हो. माझ्या आईचे गुडघे गेलेत, तिने काय करायचं? कंडीत बसून दुसऱ्याच्या पाठीवरून जायची तिला लाज वाटते, खेचरावर भीती वाटते आणि हेलिकॉप्टरचं बुकिंग सुरू झालं की संपतं. आणि वणीला सप्तशृंगी गडावर ट्रॉली झाली तेव्हा कुणी गळा काढला नव्हता, आता म्हातारी माणसं आरामात दर्शन घेऊन येतात.

ढगवेडा:
वणीचा गड आणि 3583 मीटर एकाच मापात कसे मोजता राव?

गोळीबिस्कीट:
उंचीचा मुद्दा निघालाच आहे तर, सोनप्रयाग साधारण 1800 मीटरच्या आसपास, तिथून अर्ध्या तासात साडेतीन हजारांवर गेल्यावर शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. डोकं दुखणं, मळमळ, धाप, आणि हा त्रास बरेचदा लगेच नाही तर काही तासांनी सुरू होतो, म्हणजे दर्शनाच्या रांगेत किंवा रात्री मुक्कामाला. बीपी आणि हार्टवाल्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. रोपवे नेमका अशाच लोकांसाठी म्हणताय ना? मग वर डॉक्टर आणि ऑक्सिजनची सोय त्या प्रमाणात वाढणारे का, हे कुणीतरी विचारा.

आजोळकर:
हेलिकॉप्टरने तर त्याहून लवकर पोचतात, खालच्या फाटा नाहीतर सिरसी गावाहून बसलं की काही मिनिटांत वर. ते चालतं? 15 जून 2025 ला गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर पडलं, सात जण गेले. दिवसभर अभयारण्यावरून घरघर चालू असते ती वेगळीच. त्यापेक्षा केबलवरचा डबा बरा की.

पायवाट:
मी दोघांच्याही बाजूने नाही, मला त्या खेचरांचं पडलंय. चढणीवर लिंचोलीच्या अलीकडे खेचर घसरून बसलं होतं आणि मालक काठीने उठवत होता, वर बसलेले काका उतरायला तयार नाहीत, पैसे दिलेत म्हणे! लीद, चिखल, त्यातून चालणारे लोक. रोपवेने हे कमी होणार असेल तर माझा पाठिंबा. पण घोडेवाले, डंडीवाले (पालखीसारखं खांद्यावरून नेणारे), वाटेवरच्या चहा-मॅगीच्या टपऱ्या, यांचं वर्षाचं पोट यात्रेच्या सहा महिन्यांवर असतं, त्यांना रोपवेत कोण घेणारे?

ढगवेडा:
खेचरांची संख्या आणि वजन यावर कडक नियम लावायला रोपवे लागत नाही. आणि ज्यांना खरंच चढवत नाही त्यांच्यासाठी उखीमठ आहे, भाऊबीजेला केदारनाथचं कपाट (म्हणजे मंदिराचं दार) हिवाळ्यासाठी बंद झालं की केदारबाबांची उत्सवमूर्ती तिथल्या ओंकारेश्वर मंदिरात येते, गाडी जवळपर्यंत जाते.

आजोळकर:
हे आमच्या आईला सांगून बघा. ती म्हणेल केदारनाथ बोलला होतास, उखीमठ नाही.

गोळीबिस्कीट:
मधला मार्ग आहे की. रजिस्ट्रेशन आत्ताही सक्तीचंच आहे. रोज वर जाणाऱ्यांचा आकडा आधी गोठवा, मग त्यात पायी किती, खेचर किती, रोपवे किती ते वाटा, ज्येष्ठांना आणि दिव्यांगांना रोपवेत पहिला हक्क.

ढगवेडा:
4081 कोटी घातल्यावर आकडा गोठवतील? डबे रिकामे फिरवायला कुणी रोपवे बांधत नाही.

पायवाट:
आणि तिकीट किती असणारे ते अजून एकानेही विचारलं नाही. हेलिकॉप्टरसारखं झालं तर आजोळकरांची आई परत कंडीतच.